कोळसा होता, पाणी नव्हते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

औष्णिक वीजकेंद्रांच्या पाणीवापराविषयी आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात आलेला लेख वाचला. दुष्काळी तालुक्यातल्या धरणाचे पाणी वीजकेंद्राला किती द्यावे, हा लेखकाने उपस्थित केलेला प्रश्न रास्तच आहे. मात्र कोळशातील जवळजवळ दोन तृतीयांश उष्णता केवळ जुनाट यंत्रांमुळे वाया जाते आणि टर्बाइनमधून बाहेर पडणारी वाफ गार न करता तशीच बॉयलरमध्ये परत सोडली तर कोळसा आणि पाणी दोन्ही वाचेल, हे त्यातील विधान बरोबर नाही. राज्यातील एका औष्णिक केंद्रात कंडेन्सर आणि कूलिंग टॉवरच्या देखभालीत माझी बरीच वर्षे गेली, म्हणून हा खुलासा.

मुळात केंद्रात दोन वेगळी पाणी असतात. बॉयलरमधले पाणी अतिशय शुद्ध केलेले असते. त्याची वाफ होते, ती टर्बाइन फिरवते, कंडेन्सरमध्ये तिचे पुन्हा पाणी होते आणि पंप तेच पाणी बॉयलरला परत देतो. या फेऱ्यात नव्याने भर घालावी लागते ती अगदी थोडी. धरणातून येणारे बहुतेक पाणी खर्च होते ते कंडेन्सरच्या हजारो नळ्यांतून वाहताना उष्णता उचलणारे. ३२ अंशांना आत गेलेले हे पाणी साधारण ४२ अंशांना बाहेर येते आणि कूलिंग टॉवरमध्ये वरून सोडले जाते. टॉवरच्या तळाशी उभे राहिले की भर मे महिन्यात आषाढातला पाऊस कोसळत असल्याचा आवाज येतो. त्या पावसातला थोडा भाग वाफ होऊन उडतो आणि उरलेल्याला गार करतो. धरणाचे पाणी संपते ते इथे.

मग वाफ गार करायचीच कशाला? केंद्र पाहायला येणारी शाळेची मुले हा प्रश्न हमखास विचारत, आणि नोकरीच्या पहिल्या महिन्यात मीही तो विचारला होता. टर्बाइनमधून निघालेली विरळ वाफ बॉयलरच्या दाबापर्यंत दाबायची, तर टर्बाइनने जेवढे काम दिले तेवढे, प्रत्यक्षात त्याहून जास्तच, परत मोजावे लागेल. तिचे पाणी केले की आकारमान हजारो पटींनी घटते आणि पंपाचे काम अगदी थोडक्यात भागते. उष्णतेपासून काम काढायचे तर तापलेल्या टोकाइतकेच गार टोकही लागते, हे सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ साली दाखवून दिले. गंमत अशी, की उष्णता हा एक प्रवाही पदार्थ आहे अशी त्याची चुकीची समजूत होती. निष्कर्ष मात्र टिकला आणि पुढे क्लॉसियस व केल्विन या शास्त्रज्ञांनी त्यालाच उष्मागतिकीच्या, म्हणजे उष्णता आणि काम यांच्या शास्त्राच्या, दुसऱ्या नियमाचे रूप दिले.

हिशोब करून पाहावा. वाफ ५४० अंश सेल्सिअस आणि गार टोक ४० अंश धरले, तर निरपेक्ष मापात (सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून) ही तापमाने ८१३ आणि ३१३ होतात. दोहोंतल्या ५०० च्या फरकाला ८१३ ने भागले की कळते, एकही दोष नसलेले यंत्रसुद्धा शंभर भाग उष्णतेपैकी साधारण ६१ भागांहून अधिक काम देऊ शकत नाही. प्रत्यक्षात आपले जुने संच ३५च्या आसपास देतात आणि अधिक दाबाची व तापमानाची वाफ वापरणारे नवे सुपरक्रिटिकल संच ४०च्या आसपास. म्हणजे जुन्या संचांवरचा लेखकाचा राग अगदीच अनाठायी नाही, पण तो या चार-पाच भागांपुरता. ऊर्जा नष्ट होत नाही हे पहिल्या नियमाचे म्हणणे कंडेन्सरलाही लागू आहे. तिथली ऊर्जा कुठेही हरवत नाही, ती कोमट होते. आणि कोमट पाण्याचे तळे भरले तरी त्यात मूठभर तांदूळ शिजत नाहीत.

गार टोक किती महत्त्वाचे, हे आम्हाला कंडेन्सरमधला व्हॅक्यूम, म्हणजे निर्वातपणा, दाखवणारा काटा रोज सांगत असे. जानेवारीच्या पहाटे तो निवांत असे. एप्रिलच्या दुपारी टॉवरचे पाणीच पुरेसे गार होत नसे, काटा घसरू लागे आणि तेवढाच कोळसा जाळूनही मेगावॉट कमी पडत.

परळीचे उदाहरण तर आपल्या वाचकांच्या आठवणीतले आहे. तेथील १,१३० मेगावॉटचे केंद्र २०१३च्या फेब्रुवारीत पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. अशा केंद्रात विजेच्या एका युनिटमागे साधारण दोन लिटर पाणी निव्वळ वाफ होऊन जाते. पूर्ण क्षमतेने एवढे केंद्र दिवसभर चालले, तर हा आकडा पाच-सहा कोटी लिटरच्या घरात जातो. ही मागणी यंत्र बदलून थोडी कमी होईल, शून्य होणार नाही.

करता येईल ते वेगळे आहे. तारापूरचे अणुवीजकेंद्र समुद्राच्या पाण्यावर गार होते. कोराडीला नागपूरचे सांडपाणी शुद्ध करून दिले जाते. पाण्याऐवजी हवेने गार करणारे कंडेन्सरही मिळतात, फक्त ते महाग असतात आणि उन्हाळ्यात वीज कमी देतात. मराठवाड्यात हा महागडा पर्याय घ्यायचा की गोदावरीचे पाणी, यावर जरूर वाद व्हावा. त्यासाठी नव्या प्रकल्पाची बातमी देताना मेगावॉटच्या आकड्याशेजारी रोजच्या पाण्याचा आकडाही आपण छापावा, अशी विनंती आहे.

जाता जाता आणखी एक. लेखासोबतच्या छायाचित्राखाली 'धूर ओकणाऱ्या चिमण्या' असे छापले आहे. चित्रात दिसतात ते कमरेत बारीक झालेले कूलिंग टॉवर आहेत आणि त्यांच्यातून निघते ती पाण्याची वाफ. चिमणी त्यांच्या मागे आहे, उंच आणि सडपातळ. त्या दिवशी तिच्यातून निघणारा धूर छायाचित्रात जवळजवळ दिसतच नाही.

आपला,
एक निवृत्त अभियंता, नांदेड