शिबिराच्या शेवटी पट्टा मिळतो, पण पडायला कोण शिकवते?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल उजाडला की शाळांच्या फाटकांवर, रिक्षांच्या पाठीवर आणि वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिरातींत कराटे, ज्युदो, तायक्वांदो आणि लाठीकाठीची उन्हाळी शिबिरे दिसू लागतात. ‘दहा दिवसांत स्वसंरक्षण’ आणि ‘शेवटच्या दिवशी यलो बेल्ट’ ही दोन आश्वासने बहुतेकांत असतात. मी शाळा-कॉलेजच्या वयात अशी दोन शिबिरे केली आहेत आणि गेल्या उन्हाळ्यात मुलीला एका शिबिरात घातले होते. त्या अनुभवावरून पालकांपुढे एकच गोष्ट मांडायची आहे. शिबिर कसे आहे हे समारोपाच्या दिवशी कळत नाही, ते पहिल्या दोन दिवसांतच कळते.

माझे पहिले शिबिर ज्युदोचे होते. आठवीची परीक्षा संपली होती. पहाटे साडेपाचला शाळेच्या सभागृहात जमायचे आणि कापसाच्या जुन्या गाद्या शेजारी शेजारी मांडून त्यांवर ताडपत्री ताणून बांधायची, ही आमची रोजची पहिली कसरत. एकमेकांना आपटण्याच्या कल्पनेने आम्ही हरखलो होतो, पण सरांनी पहिले चार दिवस कोणाला कोणाच्या अंगाला हातसुद्धा लावू दिला नाही. आधी पाठीवर झोपून, मग उकिडवे बसून आणि शेवटी उभ्याने, फक्त पडायचे. हनुवटी छातीला टेकलेली हवी, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर हवी, आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हातांची कोपरापर्यंत सपाट थाप ताडपत्रीवर पडायला हवी. जपानीत याला ‘उकेमी’ म्हणतात. सभागृहात तो आवाज धुणे आपटल्यासारखा घुमायचा. तोल गेला की हात पुढे टेकवण्याची आपली उपजत ओढ असते, आणि मनगट किंवा गळपट्टीचे हाड त्यापायीच मोडते. ती ओढ मोडणे हा त्या थापेमागचा हेतू आहे, हे मला फार उशिरा समजले. दुसरा नियम असा, की पकडीत सापडलेल्याने दोनदा थाप मारली की समोरच्याने त्याच क्षणी सोडायचे. पाचव्या दिवशी कंबरेवरून फेकण्याचा ‘ओ-गोशी’ हा पहिला डाव मिळाला, आणि दहा दिवसांत एकूण डाव दोनच झाले. पट्टा मिळाला नाही. घरी कोणी विचारलेही नाही.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात कार्यालयाच्या ओल्या पायऱ्यांवरून मी पाठीवर कोसळले, तेव्हा डोके आपटले नाही. ती दहा दिवसांची शिकवण होती की निव्वळ नशीब, याचा निवाडा मी करणार नाही. मात्र हनुवटी छातीला टेकली होती, एवढे नक्की आठवते.

दुसरे शिबिर कॉलेजात असताना कोल्हापुरात मर्दानी खेळांचे केले. तिथल्या वस्तादांनी दोन दिवस हातात लाठीच दिली नाही. तापलेल्या मातीत अनवाणी पवित्रे घालायचे, म्हणजे पाऊल कुठे पडते आणि अंगाचा भार कोणत्या पायावर राहतो हे पाहत नुसते चालायचे. दांडपट्टा आम्ही फक्त पाहिला. त्याचे लवचिक पाते वळले की ते अडवणे पट्टा फिरवणाऱ्यालाही कठीण जाते, म्हणून वस्ताद तो कुणाही नवख्याच्या हाती देत नसत. २०२४ मध्ये दांडपट्टा महाराष्ट्राचे राज्यशस्त्र झाला याचा मला आनंद आहे, परंतु आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या हाती धातूचे पाते देऊन काढलेली छायाचित्रे पाहिली की ते वस्ताद आठवतात.

मुलीच्या शिबिराकडे ही अपेक्षा घेऊन गेले, ती चूक माझीच म्हणायची. सत्तरएक मुले, दोन प्रशिक्षक, खाली शहाबादी फरशी आणि सतरंजीसुद्धा नाही. दुसऱ्याच दिवशी जोड्या लावून उंच लाथा सुरू झाल्या आणि चौथ्या दिवशी एका मुलाने पडताना हात टेकला, तो मनगटाला प्लास्टर घेऊनच परतला. प्रथमोपचाराची पेटी शोधण्यात दहा मिनिटे गेली. समारोपाला मात्र मंडप, ध्वनिक्षेपक आणि कौले फोडण्याचे प्रात्यक्षिक, सगळे यथासांग पार पडले. कौलांच्या थरांत फटी ठेवल्या की वरचे कौल तुटून खालच्यावर आदळते आणि काम सोपे होते, हे माहीत असलेल्याला त्या टाळ्यांचे नवल वाटत नाही. तरीही वाढीच्या वयातल्या कोवळ्या हाडांनी कौलावर मुठी आपटाव्यात का, हा प्रश्न उरतोच. पट्ट्यासाठी परीक्षा शुल्क वेगळे होते, ते आदल्या दिवशी सांगण्यात आले, आणि सत्तरच्या सत्तर मुले उत्तीर्ण झाली.

पट्ट्यांविषयी दोन शब्द. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतील एका मंदिराच्या आवारात बारा चटयांवर ज्युदोची शाळा सुरू केली, तेव्हा आजची रंगीत पट्ट्यांची शिडी नव्हती. ती पुढे युरोपात रुळली, आणि नवख्यांचा उत्साह टिकावा म्हणून मधल्या पायऱ्या असण्यात गैरही काही नाही. पण पांढऱ्यावरून पिवळ्यावर जायला नियमित वर्गात काही महिने घाम गाळावा लागतो. तोच पट्टा दहाव्या दिवशी सरसकट वाटला, तर घरी येते ती केवळ दोन मीटर कापडाची पट्टी. आपल्याला काहीतरी येते असा भ्रम तिच्यासोबत येतो, आणि स्वसंरक्षणाच्या बाबतीत हा भ्रम अज्ञानापेक्षा घातक ठरू शकतो. शासनाच्या समग्र शिक्षा योजनेत मुलींसाठीचे राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण तीन महिन्यांचे ठेवलेले आहे, तेही पायाभूत धड्यांपुरते. मग दोन तासांच्या कार्यशाळेनंतर मुलगी ‘सक्षम’ झाल्याचे प्रमाणपत्र कशाच्या आधारावर दिले जाते?

शिबिरे बंद करा असे माझे म्हणणे नाही. मला स्वतःला त्यांनी खूप दिले आहे. पालकांनी पैसे भरण्याआधी जागा पाहावी, खाली मॅट आहे का आणि एका प्रशिक्षकामागे मुले किती हे विचारावे, आणि पहिल्या दिवशी अर्धा तास कोपऱ्यात बसून मुलांना पडायला शिकवतात का ते बघावे. मध्ये पाणी प्यायला सोडतात का, तेही बघावे. आयोजकांनी परीक्षेचे शुल्क जाहिरातीतच छापावे. मे महिन्यातील शिबिरांच्या नोंदण्या याच आठवड्यात सुरू होत असल्याने हे पत्र लवकर छापल्यास उपयोग होईल.

कळावे,
एक पालक, सातारा