एन्स्खेडेहून पत्र: यंत्रांमागची माणसं

तीर्थरूप बाबा आणि आई,

साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "लॅबमध्ये रोबो आहेत ते समजलं, पण माणसं कोण आहेत तिथं?" तेवढ्यात आईने फोन घेतला आणि उत्तर राहिलं. म्हणून हे पत्र.

आधी गावाबद्दल, कारण त्याशिवाय माणसं कळायची नाहीत. एन्स्खेडे जर्मनीच्या हद्दीला लागून आहे, आणि एके काळी हे हॉलंडचं इचलकरंजीच होतं. सुताच्या गिरण्या, मागांची खटखट, फान हेकसारखी गिरणीमालक घराणी. पुढे स्वस्त कापड बाहेरून यायला लागलं आणि गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्याच काळात, १९६१ साली, सरकारने डेल्फ्ट आणि आइंडहोवननंतरचं देशातलं तिसरं तंत्रविद्यापीठ इथं ड्रिनेर्लोच्या रानात काढलं. ते आमचं ट्वेंटे विद्यापीठ. (आई, इथल्या तळ्यातून चर्चचा नुसता कळस वर आलेला दिसतो. गाव बुडालेलं वगैरे काही नाही, १९७९ साली एका कलाकाराने मुद्दाम उभारलेली गंमत आहे.)

आमच्या गटाचं नाव रोबोटिक्स अँड मेकॅट्रॉनिक्स. प्रमुख स्तेफानो स्त्रामिजोली, मूळचे इटलीचे. बोलोन्यात शिकले, डेल्फ्टमधून १९९८ मध्ये पीएचडी केली. त्यांच्या आधीच्या पिढीतले योब फान आमेरोंगन. त्यांची पीएचडी जहाजाचं सुकाणू आपोआप कसं सांभाळायचं यावर होती. त्यांच्याही आधीचे फान डिक्सहोर्न, ज्यांनी 'बाँड ग्राफ' नावाची पद्धत इथं रुजवली. माणसं बदलली, जहाजाच्या जागी रोबो आले, पण ही पद्धत टिकली. ती तुम्हाला समजेल, इथं नव्याने आलेल्या कित्येक मुलांपेक्षा लवकर समजेल.

आपला माग घ्या. मोटरमध्ये वीज जाते: तिथं व्होल्ट आणि अँपिअर. मोटरच्या दांड्यावर पीळ आणि फेरे. पुढे धोट्याला मार देणाऱ्या काठीपाशी जोर आणि वेग. प्रत्येक ठिकाणी दोन गोष्टींची जोडी असते आणि त्यांचा गुणाकार केला की त्या जागेतून किती शक्ती वाहते ते निघतं. वीज असो, यंत्र असो की नळीतलं पाणी, हिशेब एकाच भाषेत. अमेरिकेत एमआयटीच्या हेन्री पेंटर यांना हे १९५९ मध्ये सुचलं. इथल्या पेटर ब्रेडफेल्ड यांनी तर आयुष्यभर तेच केलं. विजेचा माणूस आणि यंत्राचा माणूस आमच्याकडे एका कागदावर भांडू शकतात ते यामुळे. बाहेरच्यांना आमची ओळख रोबोंमुळे आहे, पण मला विचाराल तर गटाची खरी पुंजी ही पद्धत आहे.

रोबोही सांगते, नाहीतर आई म्हणेल मुख्य ते सांगितलंच नाही. इथं घडलेला एक यांत्रिक बहिरी ससाणा आहे, रोबर्ड. खऱ्यासारखे पंख मारत उडतो. विमानतळावरचे पक्षी त्याला खरा समजून पळतात. पंखांभोवती हवा नेमकी कशी वागते याच्या अभ्यासाला स्त्रामिजोलींना युरोपचं मोठं संशोधन अनुदान मिळालं आहे. दुसरा स्टॉर्मराम, स्तनातल्या गाठीचा नमुना सुईने घेण्यासाठी. हे काम एमआरआय यंत्राच्या आत करायचं, आणि तिथं एवढं प्रचंड चुंबक असतं की साधी लोखंडी मोटर नेता येत नाही. म्हणून हा रोबो प्लास्टिकचा, थ्रीडी प्रिंटरवर छापलेला, आणि लांब नळ्यांतून येणाऱ्या दाबाच्या हवेवर एकेक पाऊल सरकणारा.

असे रोबो कागदावरून टेबलावर येतात ते वर्कशॉपमधल्या माणसांमुळे. पीएचडीची मुलं इथं साधारण चार वर्षं असतात. त्यांना विद्यार्थी न धरता नोकरदार धरतात, पगार आणि पेन्शन दोन्ही असतं. चार वर्षं झाली की निघाली. पोस्टडॉकवाले, म्हणजे पीएचडीनंतर थोड्या काळासाठी संशोधनाला आलेले, तर अनुदान संपेल त्या महिन्याकडे डोळे लावून बसलेले. मागे राहतात ते तंत्रज्ञ आणि ऑफिसमधल्या बाई. कुठल्या मोटरचा एन्कोडर, म्हणजे फेरे मोजणारा भाग, कधी दगा देतो, आधीच्या मुलाने कुठली वायर उलटी जोडली होती, हे त्यांच्याच डोक्यात. आमचे एक तंत्रज्ञ गिअरबॉक्सला कान लावतात आणि कुठला दात झिजलाय ते सांगतात. तुम्ही माग बंद न करता दोष ओळखता ना, तसंच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

पण संशोधनाचा पेपर छापून येतो तेव्हा नावं आमची. तंत्रज्ञांना शेवटी आभाराची एक ओळ, तीही मिळाली तर. ही रीत जगभरची आहे, एकट्या कुणाला बोल लावून उपयोग नाही. ताग्यावर शिक्का मालकाचा, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरचा कधीच नाही, असं तुम्ही म्हणायचात. माझ्या पहिल्या पेपरात मी त्या तंत्रज्ञांचं नाव लेखकांमध्ये घालायचा आग्रह धरला आहे. बघू काय होतं ते.

पीएचडीचा शेवट मात्र थाटाचा. उमेदवार दोन मित्रांना शेजारी घेऊन उभा राहतो, समोर झगे घातलेले परीक्षक, आणि मागे आई-वडील, शेजारीपाजारी, कुणीही. पाऊण तास प्रश्न चालतात. मग विद्यापीठाचा दंडधारी आत येऊन दंड आपटतो आणि लॅटिनमध्ये म्हणतो, "होरा एस्ट", वेळ झाली. उत्तर अर्धं असलं तरी तिथंच थांबायचं. माझ्या वेळी तुम्ही दोघांनी यायचं आहे. पासपोर्टचे कागद आत्तापासून काढायला घ्या, आईच्या जन्मदाखल्यावरचं नाव वेगळं आहे ते आधी दुरुस्त करा.

शेजारच्या काकूंना सांगा, त्यांच्या मुलाने मास्टर्सला यायचं ठरवलं तर फी स्वतःची भरावी लागेल, आणि युरोपाबाहेरच्यांना ती बरीच जास्त असते. पीएचडीचं गणित वेगळं. दोन्हींत त्याची गल्लत होतेय. त्याने मला थेट फोन करावा.

आणि बाबा, एक काम. तुमच्या जुन्या मागाच्या मोटरवरच्या पाटीचा फोटो पाठवा, व्होल्ट, अँपिअर, फेरे दिसतील असा. मिनिटाला धोटा किती वेळा जातो तेही मोजून लिहा. आमच्याकडे यंत्र संगणकावर चालवून बघायचं ट्वेंटी-सिम नावाचं सॉफ्टवेअर आहे, इथंच तयार झालेलं. त्यात मला अख्खा माग बसवायचा आहे, आणि काठीच्या माराचे आकडे मला पुस्तकातले नकोत, तुमचे हवेत.

तुमची थोरली