सर्व्हर मुंबईत, बॅकअप सिंगापूरला

संपादक साहेब, नमस्कार.

नवी मुंबईत डेटा सेंटर होतायत त्याच्या बातम्या तुमच्या पेपरात वाचतो, किती कोटी, किती मेगावॅट सगळं असतं, पण तिथल्या सर्व्हरवर भाड्याने जागा घेणाऱ्या आमच्यासारख्यांचं काय होतं ते कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. सांगलीत आमचं छोटं सॉफ्टवेअरचं काम आहे, अडत दुकानांची बिलं, पट्ट्या, उधारी आणि आता ऑनलाइन पेमेंटपण.

एका बँकेशी पेमेंट जोडायचं होतं, त्यांनी भलामोठा फॉर्म पाठवला, त्यात विचारलेलं डेटा कुठे ठेवता. मी बिनधास्त लिहिलं मुंबई. मग त्यांच्या ऑडिटवाल्याने फोनवर विचारलं, "आणि बॅकअप?" मी गप्प. आमच्या पोराने बॅकअप सिंगापूरला टाकलेला, का तर "सर, दोन्ही एकाच शहरात ठेवून उपयोग काय", आणि त्याचं तरी काय चुकलं, त्याने लावलं तेव्हा ॲमेझॉनच्या क्लाउडचं भारतात मुंबई सोडून दुसरं रीजनच, म्हणजे सर्व्हरचं ठिकाणच, नव्हतं, हैदराबाद आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये.

पण रिझर्व्ह बँकेचं ६ एप्रिल २०१८ चं सर्क्युलर सांगतं की पेमेंटचा डेटा फक्त भारतातच राहिला पाहिजे. 'फक्त' हा शब्द महत्त्वाचा, म्हणजे इथे एक आणि तिकडे एक कॉपी हेही चालत नाही, प्रोसेसिंग बाहेर झालं तरी २४ तासांत तिकडचं पुसून इकडे आणायचं. याच कारणावरून २०२१ च्या जुलैत मास्टरकार्डला नवीन ग्राहक घ्यायला बंदी घातली होती, ती उठायला जवळपास वर्ष लागलं, तिथे आम्ही कोण.

बॅकअप हलवताना अजून एक भानगड सापडली. सॉफ्टवेअर अडकलं की एरर आपोआप एका परदेशी सर्व्हिसला जायचा, आणि त्या मेसेजमध्ये गिऱ्हाइकाचा यूपीआय आयडी आणि रक्कम चक्क जशीच्या तशी! डेटाबेस मुंबईत राखत बसलो आणि मागच्या दाराने हे चाललेलं.

बरं कायदा एकच असता तर बरं झालं असतं. कंपनीची हिशोबाची पुस्तकं कॉम्प्युटरवर असतील तर त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज पाहिजे, हा 'रोज' २०२२ च्या ऑगस्टपासून आला आणि माझ्या ओळखीतल्या निम्म्या प्रायव्हेट लिमिटेडवाल्यांना तो माहीतच नाही. उलट २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याला सगळे घाबरतात, त्यात तर सरकार ज्या देशांवर निर्बंध घालेल ते सोडून बाहेर न्यायला मुभा आहे, म्हणजे पार्लरच्या अपॉइंटमेंटच्या नोंदींसाठी इथलंच महागडं होस्टिंग, म्हणजे सर्व्हरवरची भाड्याची जागा, घ्यायची काही गरज नाही.

आणि भारतात ठेवलं म्हणजे आपल्या ताब्यात आलं असंही नाही हो. जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जीचं काय झालं आठवा, वाडीनारची रिफायनरी, कंपनी इथली, पण रशियन भागीदारीमुळे युरोपने निर्बंध लावले आणि मायक्रोसॉफ्टने त्यांच्या सेवा थांबवल्या. पैसे भरलेले असून आमचाच डेटा आम्हाला मिळेना म्हणत कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली, मग सेवा सुरू झाली. सर्व्हर कुठल्या गावात आहे याने तिथे काय फरक पडला? म्हणून होस्टिंग घेताना मी आता रीजन नंतर बघतो, आधी विचारतो की उद्या तुम्ही बटण बंद केलंत तर माझा डेटा मला कसा आणि किती तासांत मिळेल. सेल्सवाल्यांना हा प्रश्न आवडत नाही, ते परत मुंबईच्या स्पीडवरच येतात.

सध्या आमचा बॅकअप हैदराबादला जातो, बिल थोडं वाढलं. शिवाय रोज रात्री एक कॉपी सांकेतिक कुलूप लावून (एन्क्रिप्ट करून) आमच्या ऑफिसातल्या मशीनवर उतरते, फक्त त्याच्या यूपीएसची बॅटरी बदलायची राहिलीय.

– एक वाचक, सांगली