दहाच्या ठोक्याचं जंगल

चि. मन्यास,
अनेक आशीर्वाद.

बोर्निओतल्या सेपिलोकला घातलेले तुझे बूट आज शेवटी घासले. डाव्या बुटाच्या जिभेखाली एक वाळलेली जळू निघाली, अगदी मनुक्यासारखी. चिमीने ती काडेपेटीत ठेवली आहे आणि तू सुट्टीत येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असं फर्मान काढलं आहे.

बूट घासता घासता आठवलं, तुला एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहूनच गेलं. लाबुक बेच्या लाकडी सज्जावर, ती लांबनाकी माकडं काकड्या खात होती तेव्हा तू म्हणालास, "ठरल्या वेळेला खाणं मांडलं की येतात. मग हे जंगल कसलं? फसवताहेत." मी म्हणाले, "एवढ्या लांब आणलंय, गप बघ." हे काही उत्तर झालं नाही. पण सकाळच्या बिस्किटाच्या प्रकरणानंतर माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं.

ते प्रकरण एकदा सरळ लिहून टाकते. ओरांगउटानच्या केंद्रात शिरण्याआधी पिशव्या लॉकरमध्ये ठेवायच्या आणि खायचं काहीही आत न्यायचं नाही, हे मी तुम्हाला तीनदा बजावलं. आणि माझ्याच जॅकेटच्या खिशात चिमीसाठी ठेवलेला बिस्किटाचा पुडा होता. फळ्यांच्या वाटेवर कठड्याला ते आखूड शेपटीचं माकड बसलं होतं. माझ्याकडे ढुंकूनही न बघता त्याने खिशात हात घातला. आपल्या घरातला कुणी इतक्या सफाईने पाकीट उघडत नाही. पुडा दातांनी फाडला, एकेक बिस्कीट हुंगलं, आणि आमच्याकडे तोंड करून खाल्लं. पहारेकरी माकडाकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता. तेव्हा मी म्हणाले, "मुलांनी ठेवला असेल खिशात." तू काही बोलला नाहीस. त्यानंतर दिवसभर फारसं बोललाच नाहीस. मन्या, पुडा मीच ठेवला होता. त्या वेळी कबूल करायला जीभ रेटली नाही.

आता तुझा प्रश्न.

दहा वाजता फळं मांडली, आठवतंय ना? चौथऱ्यावर केळी आणि पपईच्या फोडी, आणि वीस मिनिटं कुणीच नाही. मागच्या बाई घड्याळ बघत चुळबुळ करत होत्या. बाबाचा कॅमेरा दोरांवर रोखलेला. गणवेशातली ती ताई मात्र निवांत होती. ती म्हणाली, कुणी आलं नाही तर आम्हाला बरंच वाटतं. तेव्हा मला ती पर्यटकांची समजूत घालतेय असं वाटलं. नंतर कळलं की तेच खरं आहे. तिथे मुद्दामच रोज तेच तेच, कंटाळवाणं खाणं देतात. जंगलात फळं धरली की चौथरा ओस पडावा, अशीच अपेक्षा असते. १९६४ पासून ते केंद्र चालू आहे आणि भोवती सुमारे ४३ चौरस किलोमीटर राखीव जंगल आहे. चौथऱ्यावर येणारं कुणी कुंपणाच्या आत ठेवलेलं नाही. ज्याला यायचं तो येतो, नाही तर नाही. म्हणजे ते ताट नव्हे रे, पाय मोडलेल्याची कुबडी आहे.

पण त्या दिवशी मला सगळ्यात जास्त बघावंसं वाटलं ते चौथऱ्यावरचं नाही, काचेपलीकडचं. तुम्ही पुढे गेलात आणि मी बाळांच्या खिडकीपाशी थांबले. गार हवा होती, हे एक कारण. तिथे एक पोर होतं, डोक्यावरचे केस चहूकडे उभे, टाळूच्या मध्ये जरा विरळ. त्याने एका पायाने दोर धरला, दुसऱ्या हाताने फळी चाचपली, ती सापडली नाही, आणि ते धपकन खाली बसलं. वर बघितलं. काख खाजवली. पुन्हा चढलं. पुन्हा पायाने धरलं, कारण त्यांचा पायही हातच असतो, आणि हाताचा अंगठा एवढासा, बाकी बोटं आकड्यासारखी वाकलेली. तिसऱ्यांदा फळी सापडली तेव्हा ते तिथे नुसतं बसून राहिलं, पुढे काय करायचं ते ठाऊक नसल्यासारखं.

ठाऊक नसतंच त्याला. ओरांगउटानची आई पोराला सहा-सात वर्षं जवळ ठेवते. कुठलं फळ कधी पिकतं, कुठली फांदी वजन पेलेल, रोज संध्याकाळी नवं घरटं कसं विणायचं, हे सगळं ते तिच्या अंगाला चिकटून शिकतं. मग दुसरं मूल, तेही सात-आठ वर्षांच्या अंतराने. जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत इतकं मोठं अंतर दुसऱ्या कुणाचं नाही. जंगल तुटलं, आई मारली गेली, पोर कुणाच्या तरी घरी साखळीला सापडलं, की ही सगळी शाळाच बुडते. मग माणसांनी दोर बांधून ती पुन्हा उघडायची. आता मी पिल्लं आणि आया यावर काहीतरी गहिवरून लिहीन आणि मग होस्टेलवर येईन, अशी तुला धास्ती वाटली असेल. नाही लिहीत. तुला घरटं सोड, गादीवरची चादरसुद्धा घालता येत नाही, एवढंच नोंदवून ठेवते.

शेजारचं अस्वलांचं केंद्र तुला आवडलं होतं, ते तू कबूल केलं नाहीस तरी. दुर्बिणीपाशी सर्वांत जास्त वेळ तू उभा होतास. सूर्य-अस्वल, जगातल्या आठ अस्वलांमधलं सर्वांत लहान, आपल्या मोठ्या कुत्र्याएवढं. छातीवर पिवळा पट्टा, प्रत्येकाचा वेगळा. मलय भाषेत त्याला 'बेरुआंग मादू' म्हणतात, तो 'मादू' म्हणजे आपला मधूच. गंमत म्हणजे 'ओरांग हुतान'मधलं एकही अक्षर मला ओळखीचं वाटलं नव्हतं (ओरांग म्हणजे माणूस, हुतान म्हणजे जंगल), आणि या काळ्या, वाकड्या पायांच्या प्राण्याच्या नावात मात्र मधू निघाला. ते ओंडका कसं सोलत होतं, पाहिलंस ना? नख रुतवायचं, ढलपी उचकटायची, आणि त्या भोकात जीभ. वीस-पंचवीस सेंटिमीटरची जीभ. वाळवी निघते तेव्हा तोंडाचा आवाजसुद्धा ऐकू येतो. त्यांनी मधासाठी फोडलेल्या ढोल्यांमध्ये पुढे धनेश घरटी करतात.

त्याच केंद्रात एक अस्वल एकाच चार पावलांत येरझाऱ्या घालत होतं. चार पावलं, वळण, चार पावलं. चिमीने विचारलं, ते नाचतंय का? मी हो म्हणाले. ती आठ वर्षांची आहे. तुला मात्र सांगायला हवं होतं. लहानपणी पिंजऱ्यात वाढलेल्या काही अस्वलांची ती खोड मोकळ्या जागेतही सुटत नाही. सगळी परत जात नाहीत. हे केंद्र २००८ साली सुरू झालं, लोकांसाठी २०१४ मध्ये उघडलं, आणि तयार झालेली काही अस्वलं ताबिनच्या अभयारण्यात सोडली गेली. ज्यांना ते जमणार नाही, ती इथेच म्हातारी होणार. म्हणजे 'फसवताहेत' या तुझ्या शब्दात थोडं तथ्य आहे. जे दिसतं ते जंगल नाही, जंगलाच्या दवाखान्याचा व्हरांडा आहे. दवाखान्यात तिकीट काढून जायचं का, यावर तुझं-माझं भांडण होऊ शकतं. माझं मत, तिकिटाच्या पैशातून औषध येत असेल तर जावं, आणि कठड्याच्या अलीकडे गुमान उभं राहावं. आपली साधी सर्दीही ओरांगउटानला लागू शकते, म्हणून तर शिंका देणाऱ्या बाबाला मी मागे ओढत होते.

आणि लाबुक बे. तिथे माझ्याकडे नीट उत्तर नाही. गाडीतून जाताना अर्धा तास दोन्हीकडे पामची झाडं, वहीच्या रेघांसारखी. तू खिडकीला डोकं टेकून मोजत होतास आणि मग सोडून दिलंस. त्या मळ्याच्या मालकाने खारफुटी तोडताना त्याला लांबनाकी माकडं दिसली, आणि त्याने उरलेला पट्टा राखला. चांगलंच केलं. पण माकडांचं पोट त्या उरलेल्या पट्ट्यावर भरत नाही, म्हणून काकड्या आणि बिनसाखरेच्या पोळ्या. बिनसाखरेच्या का, तर ही माकडं पानांवर जगतात, पोटात गाईसारखे कप्पे, पानं आत आंबतात. पिकलं गोड फळ दिलं तर पोट फुगून जीव जाऊ शकतो. तो मोठा नर आपल्यासमोर बसला होता, नाक ओठांवर लोंबणारं, खाताना त्याने ते हाताने बाजूला सारलं तेव्हा तू हसलास. दिवसातलं तुझं तेवढंच हसू. तिथले लोक पूर्वी या माकडाला 'डच माणूस' म्हणायचे, राज्य करायला आलेल्या लांब नाकाच्या, ढेरपोट्या गोऱ्यांवरून. मला ते नाव फार आवडलं.

घरी आल्यावर त्या पुड्याचा जुळा भाऊ डब्यात सापडला. मागे बारीक अक्षरात लिहिलंय, खाद्य वनस्पती तेल, कंसात पाम. परदेशातून सर्वांत जास्त पामतेल जगात आपणच विकत घेतो. त्या माकडाने माझ्या खिशातून काढलं ते त्याच्याच जंगलाच्या जागी उगवलेलं होतं, असं डोक्यात आलं आणि मी डबा बंद केला. अर्थात दुसऱ्या दिवशी उघडलाही. साबणात आहे, शाम्पूत आहे, कशाकशाला हात लावायचा नाही? बाबाचं म्हणणं, नुसतं दुसऱ्या तेलाकडे वळलो तर त्यालाही जमीन लागणारच, आणि तेवढ्याच तेलाला पामपेक्षा जास्त लागते. ते खरंही आहे. आमचं यावर दोन रात्री चाललं.

शेवटचं ते उंच पुलावरचं. संध्याकाळी सहाला सेपिलोकच्याच वर्षावन केंद्रात झाडांच्या शेंड्यांमधून जाणाऱ्या लोखंडी पुलावर उभे होतो, चिमी माझ्या कडेवर झोपलेली, बाबा बॅटरी बदलायला खाली वाकलेला. तिथे कुणी काही मांडलं नव्हतं. कुणाला बोलावलंही नव्हतं. रातकिड्यांनी करवत सुरू केली होती. तेवढ्यात तू माझा दंड धरलास, बोलायचं नाही असं ठरवलेलं असूनही, आणि म्हणालास, "आई, तिकडे, खोडावर." लालसर काहीतरी सरसर वर चढलं, थांबलं, आणि उडी न मारता नुसतं सुटलं. चार पाय पसरून, कातडी ताणून, चौकोनी रुमालासारखं, आपल्या डोक्यावरून पलीकडच्या झाडाकडे. आवाज अजिबात नाही. उडती खार. बाबाने मान वर केली तेव्हा ती गेली होती.

माझ्या फोनमध्ये तिचा एक फोटो आला आहे, म्हणजे राखाडी आभाळावर एक डाग. बाबा म्हणतो ते पान आहे. महिनाभर म्हणतोय. फोटो तुझ्या मोबाइलवर पाठवला आहे. शेपूट दिसतं का बघ, आणि त्याला तूच फोन करून सांग.

तुझी,
आई

ता. क. चिमी विचारतेय, जळू पाण्यात टाकली तर पुन्हा फुगेल का. उत्तर तिला परस्पर कळव, मी काडेपेटी उघडणार नाही.