टॉपचा गिअर आणि मागचं घर

डेन्व्हर, रविवार रात्र

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "ऑटोमॅटिक गाडीला कसला आलाय गिअर बदलायचा?" तेव्हा आवाज तुटत होता, म्हणून "नंतर सांगते" म्हणून सुटका करून घेतली. खरं कारण वेगळं होतं. चूक माझी होती, आणि आयुष्यभर एसटीच्या स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला ती फोनवर सांगायची लाज वाटत होती.

तुम्हाला फोटो पाठवला होता तो ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, भरल्यावर 5,000 पौंडांच्या आसपास जातो, म्हणजे जवळजवळ 2,270 किलो. पाण्याची टाकी, गॅसच्या टाक्या, भांडी, सायकली, सगळं धरून. पण वजनापेक्षा त्रास वाऱ्याचा. कपाटासारखा चौकोनी खोका आहे तो, वारा छातीवर घेत चालतो. वेग थोडा वाढवला तरी इंजिनाला ते लगेच जाणवतं.

आमचा पिकअप जुना, चार गिअरचा. तिसरा सरळ, 1 ला 1. चौथा म्हणजे ओव्हरड्राइव्ह, 0.70 चा. इंजिनाचे 7 फेरे होतात तेव्हा चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे 10 होतात. ताशी 60 मैलांना तिसऱ्यात इंजिन मिनिटाला साधारण 2,600 फेऱ्यांवर फिरतं आणि चौथ्यात 1,800 वर. रिकाम्या गाडीला हे फार छान, आवाज कमी, पेट्रोल कमी. पण 1,800 वर इंजिनात ओढायला ताकद कुठून असणार? हे तुम्हाला सांगायला नको.

आम्ही इथून पश्चिमेला आय-70 महामार्गावर निघालो. डेन्व्हर 5,280 फुटांवर आहे, आणि तिथून रस्ता चढत चढत आयझेनहॉवर बोगद्याला 11,000 फुटांच्या वर जातो. इतक्या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे टर्बो नसलेल्या आमच्या इंजिनाची जवळजवळ एक तृतीयांश ताकद हवेतच जाते. आणि मी लिव्हर 'डी'मध्ये, म्हणजे सगळे गिअर गाडीवर सोपवून, निवांत बसलेली! पहिल्या मोठ्या चढाला गाडी चौथ्यातून तिसऱ्यात आली, जरा वेग घेतला की पुन्हा चौथ्यात गेली, दम तुटला, पुन्हा तिसऱ्यात. दर अर्ध्या मिनिटाला हा खेळ. मला वाटलं, गाडी हुशार आहे, तिचं ती बघते आहे.

गिअरबॉक्सच्या तेलाच्या तापमानाचा काटा नेहमी 190 फॅरनहाइटच्या आसपास असतो. तो 230 च्या पुढे गेलेला दिसला तेव्हा पोटात गोळा आला. रुंद जागा बघून बाजूला घेतली. इंजिन चालू ठेवून डिपस्टिक काढली, टिश्यूवर पुसली. लालभडक असायला हवं ते तेल चहासारखं तपकिरी झालं होतं आणि करपलेला वास येत होता. करपलेल्या क्लच प्लेटचा वास आठवतो ना? तुमच्या खाकी शर्टाला कधी कधी यायचा. त्याच जातीचा.

शेजारी एक म्हातारा त्याचा ट्रेलर लावून उभा होता. तो आला, तेल बघितलं, आणि एकच विचारलं, "ओव्हरड्राइव्ह बंद केला होतास का?" लिव्हरच्या टोकाला एक बटण आहे, बाबा. गाडी घेतल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता. ते दाबलं की डॅशवर 'ओ/डी ऑफ' असा दिवा लागतो आणि गाडी तिसऱ्याच्या वर जातच नाही. बास, एवढंच.

तेल का तापलं, हे नंतर मॅन्युअल वाचून नीट कळलं. या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तुमच्यासारख्या क्लच प्लेटा नसतात. तेलात बुडालेले समोरासमोर दोन पंखे असतात, एक फिरला की तेलाच्या जोराने दुसरा फिरतो. सपाटीवर एका वेगात असताना आतला छोटा क्लच दोघांना एकत्र जखडतो, मग घसरण नाही आणि उष्णताही नाही. ओढ वाढली की ती जखडण सुटते, पंखे घसरायला लागतात आणि सगळी उष्णता तेलात. म्हणजे मी तासभर हाफ क्लचवर घाट चढत होते! तुम्ही असतात तर मला खाली उतरवून स्वतः स्टिअरिंग घेतलं असतंत.

गाडी अर्धा तास थंड केली आणि पुढचा सगळा चढ तिसऱ्यात, जरूर पडली तिथे दुसऱ्यात चढवला. इंजिन 3,000 च्या वर ओरडत होतं, मागे धाकट्याने कान झाकून घेतले. मलाही भीती वाटली, पण काटा हळूहळू 200 वर आला. इंजिन जोरात फिरलं की पाण्याचा पंप आणि बॉक्समधला तेलाचा पंपही जोरात फिरतो. कण्हणाऱ्या गाडीपेक्षा ओरडणारी बरी.

बोगद्याच्या पलीकडे मात्र तुमचीच आठवण आली. त्या डोंगराच्या एका बाजूचं पाणी अटलांटिकच्या दिशेने जातं आणि दुसऱ्या बाजूचं पॅसिफिकच्या, पण बघायला सवड कुणाला? बोगदा संपला की सिल्व्हरथॉर्नपर्यंत सहा-सात टक्क्यांचा सलग उतार, आणि ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला खडीचे रॅम्प. तुम्ही नेहमी म्हणायचात, "ज्या गिअरात चढलीस त्याच गिअरात उतर, आणि उतार लागायच्या आधी गिअर टाक." मी बोगद्यातच दुसरा टाकला. ताशी 45 मैलांवर इंजिनाने 3,100 धरले आणि मागचं ओझं त्यानेच अडवून ठेवलं. वेग वाढला की ब्रेक ठाम दाबायचा, 40 वर आणायचा आणि पाय पूर्ण काढायचा. ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक आहेत, पण तेही सतत दाबून ठेवले तर तापतातच. खाली उतरल्यावर चाकाजवळ हात नेऊन पाहिला. गरम होतं, पण वास नव्हता.

सपाटीवर, वारा नसताना, ओझं हलकं असेल आणि गाडी चौथ्यात ठाम राहत असेल तर ओव्हरड्राइव्ह चालतो, बंदच ठेवायला हवा असं नाही. गाडीने दोनदा गिअर वरखाली केला की बटण दाबायचं, एवढं मी ठरवून टाकलंय. मैत्रिणीच्या नव्या गाडीला दहा गिअर आहेत, त्यातले वरचे तीन ओव्हरड्राइव्ह. तिथे 'टो/हॉल'चं, म्हणजे ओझं ओढतानाचं, बटण दाबलं की गाडी वरचा गिअर उशिरा टाकते आणि उतारावर ब्रेकला पाय लावला की स्वतःच खालचा घेते. मला चालवायला दिली होती. चांगली आहे, पण पुढे चढ आहे हे तिला तरी चढ लागल्यावरच कळतं.

घरी आल्यावर बॉक्सचं तेल आणि फिल्टर बदलून घेतला, रेडिएटरसमोर वेगळा ऑइल कूलरही बसवला. मेकॅनिकने तळाचं झाकण काढून दाखवलं. चुंबकाला करड्या चिखलासारखा बारीक चुरा चिकटला होता, पण धातूचे तुकडे नव्हते. "वाचलात," म्हणाला.

पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच रस्त्याने जायचंय. त्याआधी एक सांगा. भर पावसात, रस्ता निसरडा असताना, घाट उतरताना तुम्ही एक गिअर आणखी खाली घ्यायचात की तोच ठेवायचात? मागची चाकं घसरतील अशी मला धास्ती वाटते. आईला तेलाचं काही सांगू नका, ती उगाच रात्रभर जागेल.

तुमची,
मोठी