मराठी सिनेमाची धड डिस्क कधी मिळणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत डिस्कचा जमाना संपला, आता सगळं ओटीटीवर मिळतं, घरातले प्लेयर भंगारात देऊन टाका अशा अर्थाचा लेख वाचला आणि राहवेना म्हणून लिहायला बसलो. जमाना संपत आलाय हे मान्यच आहे. नेटफ्लिक्सची अमेरिकेतली पोस्टानं डीव्हीडी पाठवायची सेवा २०२३ च्या सप्टेंबरात बंद झाली, एलजीनं ब्लू-रे प्लेयर काढणं थांबवलं, आणि आपल्याकडे तर डिस्कची दुकानंच उरली नाहीत. पण सगळं ओटीटीवर मिळतं हे काही पटलं नाही बुवा. अर्धं मिळतच नाही, जे मिळतं ते लायसन्स संपलं की एके दिवशी गायब होतं, आणि जे टिकतं ते तरी जसं बनलं तसं दाखवतात का हे कोणी बघत नाही.

साधी फ्रेमचीच गोष्ट घ्या. जुना टीव्ही ४:३ चा म्हणजे चौकोनीसर, आताचा १६:९ चा, लांबट. जुनी सिरीयल नव्या टीव्हीवर पूर्ण भरून दिसावी म्हणून वरून खालून कापली की चित्राचा सरळ पाव भाग जातो. २०१९ साली अमेरिकेत डिझ्नी प्लस सुरू झालं तेव्हा सिम्पसन्स या कार्टून सिरीयलचे जुने एपिसोड असेच कापून टाकले होते. त्यात बिअरच्या कारखान्याचा एक सीन आहे, डफ, डफ लाइट आणि डफ ड्राय अशी नावं लिहिलेल्या तीन मोठ्या टाक्या आणि तिन्हींत वरच्या एकाच पाइपातून तीच बिअर पडतेय, सगळा विनोद त्या पाइपात आहे आणि कापताना नेमका पाइपच गेला! लोकांनी ओरडा केला तेव्हा पुढच्या वर्षी मूळ फ्रेमचा ऑप्शन आला. ज्याच्या कपाटात जुन्या डीव्हीडी होत्या त्याला हा विनोद सगळा वेळ दिसत होता, ओरडा करायची गरजच नव्हती. डिस्क विकत घेतली की तुमची, तिच्यात मागाहून कोणी हात घालू शकत नाही, मला डिस्क आवडते ती सगळ्यात जास्त याच्यासाठी.

आता म्हणाल अमेरिकन कार्टूनचं आम्हाला काय. आपले जुने मराठी चित्रपट फोनवर किंवा टीव्हीवर बघा म्हणजे कळेल. प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’, जो व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला, तो मी आडवा ताणलेला पण पाहिलाय आणि वरून कापलेला पण पाहिलाय. ताणलेल्यात तुकाराम झालेले पागनीस जाडे दिसतात आणि कापलेल्यात अर्धी पगडी गायब. ज्या माणसांनी तेव्हा एकेक फ्रेम विचार करून लावली त्यांच्या कामाची ही दशा बघवत नाही हो.

डिस्कवाल्यांनीही आपल्या मराठीला फार काही दिलं असं नाही, हेही सांगायला हवं. व्हीसीडी म्हणजे जेमतेम ३५२ बाय २८८ चं चित्र आणि एका डिस्कवर सव्वा तासाच्या आसपास मजकूर, त्यामुळे दुसरी डिस्क घालायला ऐन रंगात आलेल्या सीनमध्ये उठायचं. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीनं व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली तेव्हा पहिल्यांदा साध्या घरांत पण स्वतःच्या मालकीचे सिनेमे आले, त्याचं मला आजही कौतुक आहे. पण त्या काळात एकूणच बाजारात जो मराठी माल होता त्यातला कितीतरी नुसता उरकलेला होता. माझ्याकडे एका कंपनीची (नाव घेत नाही) एकात तीन मराठी चित्रपटवाली डीव्हीडी आहे. कोपऱ्यात कंपनीचा लोगो शेवटपर्यंत ठाण मांडून, खालून जाहिरातीची पट्टी सरकतेय, आणि तीन सिनेमे कोंबल्यामुळे अंधारातला प्रत्येक सीन नुसते चौकोन चौकोन. माणूस बोलतोय एवढं कळतं, डोळे कुठे बघतायत ते कळत नाही.

आणि सबटायटल्स? एका डीव्हीडीवर ३२ सबटायटल ट्रॅक मावतात, आठ आवाजाचे ट्रॅक मावतात. आमच्या मराठी डिस्कवर बहुतेक वेळा एकही सबटायटल नाही. माझ्या आत्याला कमी ऐकू येतं, तिला मराठी अक्षरं खाली दिसली तर ती अख्खा सिनेमा आमच्याबरोबर बसून बघेल, आता ती अर्ध्यातून उठून आत जाते. बाहेरदेशी वाढलेल्या नातवंडांना इंग्रजी सबटायटल्स असली तर आजीआजोबांबरोबर त्यांचंही होईल. यात कसलं मोठं तंत्र लागतं?

नीट काम कसं असतं ते ‘पथेर पांचाली’वरून बघावं. सत्यजित राय यांच्या अपूच्या तिन्ही चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ ला लंडनच्या लॅबमधल्या आगीत होरपळल्या, तरी त्या फेकून दिल्या नाहीत, जपून ठेवल्या, पुढे इटलीत बोलोन्याला कारागिरांनी त्या जळक्या फिल्मला मऊ करून, कडा हातानं दुरुस्त करून स्कॅन केल्या आणि ‘पथेर पांचाली’चा साधारण ४० टक्के भाग थेट मूळ निगेटिव्हवरून परत मिळवला. बाकीचा इतर प्रिंटांवरून भरला. क्रायटेरियन या अमेरिकन डिस्क कंपनीनं २०१५ ला त्याची ब्लू-रे काढली. कास गवताच्या रानात अपू आणि दुर्गा आगगाडी बघायला धावतात तिथे एकेक तुरा वेगळा दिसतो, आधीच्या खराब कॉपीत तो सगळा पांढरा धूर होता. पण चीड कशाची येते माहितीय, ब्लू-रेला जगाच्या भागांप्रमाणे रीजनचं कुलूप असतं, ती अमेरिकन ब्लू-रे ‘ए’ रीजनची, आणि भारत ‘सी’ रीजनमध्ये, म्हणजे आपल्याच देशातला सिनेमा आपल्या इथल्या साध्या प्लेयरवर लागत नाही!

आपल्याकडे पुण्यात २००३ च्या जानेवारीत प्रभातच्या जुन्या व्हॉल्टला आग लागून नायट्रेट फिल्मचा (जुनी, चटकन पेट घेणारी फिल्म) किती मोठा साठा गेला ते आठवून अजून वाईट वाटतं. पण उरलंय ते थोडं नाही, आणि रिस्टोर करणारी माणसं पण आता आपल्याकडे आहेत. ‘मंथन’ हा चित्रपट फिल्म हेरिटेज फाउंडेशन या संस्थेनं ४के मध्ये रिस्टोर केला, २०२४ ला कान महोत्सवात दाखवला, मग इथल्या थिएटरांतही आला. मग मराठीचा नंबर कधी? ‘सामना’ घ्या. डॉ. जब्बार पटेलांचा पहिला चित्रपट, लेखन तेंडुलकरांचं, १९७५ ला बर्लिनच्या स्पर्धेत गेलेला, आणि त्यात डॉ. लागू आणि निळू फुले समोरासमोर. हे दोघं एका चौकटीत असताना फुल्यांचं बोलता बोलता मधेच थांबणं आणि लागूंचं ते झिंगलेलं पण रोखून बघणं हे काळ्यापांढऱ्यात स्वच्छ दिसायला हवं. शिवाय डिस्कवर कॉमेंट्री, म्हणजे सिनेमा चालू असताना तो करणाऱ्यांनी त्याबद्दल बोललेला वेगळा आवाजाचा ट्रॅक, देता येते. तेंडुलकर २००८ ला गेले, फुले २००९ ला, लागू २०१९ ला, त्यांच्याकडून हा सिनेमा कसा घडला हे रेकॉर्ड करून घ्यायची संधी गेली ती गेलीच. जे आज आहेत त्यांना तरी माइकसमोर बसवा ना.

सिरीयलच्या बाबतीत माझ्याकडे बेनेगलांच्या ‘भारत एक खोज’चा डीव्हीडी सेट आहे, ५३ भागांचा, आणि तो मी वर्षानुवर्षं परत परत लावतो. चित्र काही फार चांगलं नाही, टीव्हीसाठीच केलेलं, पण शिवाजी महाराजांच्या भागात नसीरुद्दीन शाह आणि औरंगजेबाच्या भूमिकेत ओम पुरी बघायचे तर मधे जाहिराती नकोत आणि नेट गेलं म्हणून गोल गोल फिरणारं चक्र पण नको. आमच्याकडे शाळेतली मुलं येऊन हे भाग बघतात, प्रश्न विचारतात, थांबवून मागे घेऊन परत बघतात.

म्हणून तुमच्या पेपरमार्फत पुण्याचं चित्रपट संग्रहालय आता ज्यांच्याकडे आहे त्या एनएफडीसीला (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ), राज्याच्या सांस्कृतिक खात्याला आणि हक्क ज्यांच्याकडे आहेत त्या निर्मात्यांना विनंती आहे की ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ आणि प्रभातचे संतपट यांपासून सुरुवात करा. मूळ फ्रेम, मूळ लांबी, मराठी आणि इंग्रजी सबटायटल्स, लोगो पट्टी काही नको, आणि रीजनचं कुलूप तर अजिबात नको. खप कमी होईल ही भीती असेल तर आधी नावं नोंदवून पैसे घ्या आणि तेवढ्याच डिस्क काढा, ग्रंथांचं प्रकाशनपूर्व सवलतीत आपल्याकडे असंच चालतं. हजार रुपये किंमत ठेवलीत तरी माझे पहिल्याच दिवशी येतील, आणि आत्यासाठी वेगळी एक प्रत.

आपला,
एक वाचक, डोंबिवली