तक्रार निकाली काढल्याबद्दल आभारी आहे, मंत्रिमहोदय!

मा. केंद्रीय पर्यटनमंत्री यांस,

स.न.वि.वि.

ट्रेकमधल्या माझ्या अपघाताबद्दल तक्रार केली होती. काल मोबाइलवर मेसेज आला : 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' कोणी काढली, काय ठरलं, एक अक्षर नाही. माझा गुडघा मात्र अजून निकाली निघालेला नाही.

फेब्रुवारीत उत्तराखंडात ट्रेकला गेले होते. दोन रात्री बर्फ पडला, वारा सुटला आणि सकाळी लख्ख ऊन. ताजा बर्फ, वाऱ्याने आणून टाकलेला थर, त्यात एकदम चढलेलं तापमान. 30 ते 45 अंशांचा उतार कोसळायला आणखी काय हवं? आमचा लीडर म्हणाला, "मौसम खुल गया, चलो!" पायाखाली धप्प आवाज झाला आणि मी कमरेपर्यंत गाडले गेले, पाय आत पिळवटलेला. अख्ख्या ग्रुपकडे एक फावडं नव्हतं. पोर्टरांनी जेवणाच्या स्टीलच्या थाळ्यांनी उकरून मला बाहेर काढलं. पूर्ण गाडलेला माणूस पहिल्या 15 मिनिटांत सापडला तर बहुतेक वाचतो. थाळीने 15 मिनिटांत किती बर्फ निघतो, आपण एकदा करून बघाच.

लिगामेंटचं ऑपरेशन झालं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. 'साहसी खेळ' म्हणून विमा कंपनीने हात वर केले. ट्रेकवाल्यांनी पुढच्या ट्रेकसाठी सवलतीचं कूपन पाठवलं. मोठ्या मनाची माणसं!

इशारे नसतात असं नाही. चंदीगडच्या डीजीआरईने, म्हणजे हिमस्खलनाचा अंदाज देणाऱ्या संरक्षण खात्याच्या संस्थेने, 27 फेब्रुवारी 2025 ला चमोलीसाठी हिमस्खलनाचा इशारा दिला होता. दुसऱ्या दिवशी माणा गावाजवळ रस्त्याच्या कामावरचे 54 मजूर गाडले गेले, 8 गेले. आठवडाही उलटला नव्हता तोवर हर्सिलमध्ये पंतप्रधान सांगत होते, उत्तराखंडात ऑफ सीझन राहू नये. चांगलंच आहे. पण मग तो इशारा बेस कॅम्पवर कोण पोचवणार? आणि इशारा असताना ग्रुप वर नेला, तर विचारणार कोण? ऑक्टोबर 2022 मध्ये उत्तराखंडातल्याच द्रौपदी का डांडा शिखरावर हिमस्खलनात सविता कंसवालसारखी एव्हरेस्ट चढलेली मुलगी गेली. तिथे आमच्यासारख्या ऑफिसातून रजा काढून आलेल्यांची काय कथा!

इथे सह्याद्रीत तरी काय वेगळं चाललंय? माळीण, तळिये, इर्शाळवाडी. इर्शाळवाडी म्हणे धोकादायक गावांच्या यादीतच नव्हती. डोंगराला यादी वाचता येत नाही, हा डोंगराचाच दोष असणार. माणसं गेली की पाच लाख, हेलिकॉप्टर, चौकशी समिती. जिवंत राहिलो तर मेसेज.

तक्रार पुन्हा उघडा. हिवाळ्याचं बुकिंग सुरू होण्याआधी प्रत्येक मार्गावर ट्रेक थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे, त्या अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर जाहीर करा. फोन उचलणारा असावा.

आपली,
एक ट्रेकर, पुणे